हिंगोलीची छावणी, पैनगंगेचे दोन तीर आणि इंग्रजी शब्दांचा अर्थ

परभाषेंतील अवघड शब्द व त्यांचे अर्थ शिकणें ही गोष्ट सामान्यतः शाळेंतल्या अभ्यासाची व परीक्षेंतल्या गुणांची मानली जाते. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तिच्या पोटांत राज्यव्यवस्था, लष्कर, तहनामे आणि लोकांची बोली यांचे व्यवहार दिसतात. एखाद्या प्रांतांतील माणसास इंग्रजी शब्द कोणाच्या तोंडून मिळाला, त्याचा अर्थ त्यास कोणत्या भाषेंत सांगण्यांत आला, आणि तो अर्थ त्याच्या घरच्या बोलीपर्यंत पोंचला किंवा नाहीं, या प्रश्नांचीं उत्तरें शोधूं लागलें म्हणजे त्या प्रांताचा सारा अर्वाचीन इतिहासच उलगडावा लागतो. प्रस्तुत लेखांत आम्हीं हे प्रश्न हिंगोली व तिच्या आसपासच्या मुलखापुरते घेतले आहेत.

जिल्हा म्हणून हिंगोली अगदीं अलीकडची आहे. परभणी जिल्ह्यांतून ती १ मे १९९९ रोजीं वेगळी झाली. हिंगोली, कळमनुरी, सेनगांव, औंढा नागनाथ आणि वसमत हे तिचे पांच तालुके होत. परंतु मराठी भाषेच्या इतिहासांत हा मुलूख जुना व मानाचा आहे. नामदेवांचें जन्मस्थान म्हणून परंपरा जें नरसी गांव दाखविते तें याच जिल्ह्यांत आहे, आणि नामदेवांचे गुरु विसोबा खेचर यांची गांठ परंपरेनें औंढ्याच्या नागनाथाशीं घातलेली आहे. नामदेवांचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहेबांत समाविष्ट आहेत. म्हणजे या भूमींतील शब्द कोणत्याही सरकारी आश्रयावांचून पंजाबपर्यंत गेला. त्याच भूमींत पुढें बाहेरचा शब्द कसा आला, हें आतां पाहूं.

१. एका शब्दाची किंमत

हिंगोलीस इंग्रजी प्रथम आली ती फौजेबरोबर. निजामअली व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यांत १८०० सालीं जो तह झाला त्यांत, युद्ध उपस्थित झाल्यास निजामानें आपल्या पदरचे ६,००० पायदळ व ९,००० घोडेस्वार कंपनीच्या मदतीस द्यावे, असें एक कलम होतें. या कलमाच्या आधारानें पुढें इंग्रज अंमलदारांच्या हाताखालीं एक कवायती फौज उभी राहिली. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या कारकीर्दींत तिला आकार आला. ही फौज युद्ध असो वा नसो, बाराही महिने राहिली आणि तिचा खर्च निजामाच्या खजिन्यावर पडत गेला. हीच ‘कंटिंजंट’ फौज. बोलारम, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई, एलिचपूर इत्यादि ठाण्यांप्रमाणें हिंगोली हेंही तिचें एक मोठें ठाणें होतें. १९०३ सालीं ही फौज हिंदी सैन्यांत विलीन झाली, तोंपर्यंत हिंगोलीची छावणी चालू होती.

‘कंटिंजंट’ हा शब्दच विचार करण्याजोगा आहे. त्याचें मूळ लॅटिन असून ‘स्पर्श होणें, प्रसंग पडणें’ असा त्या मूळ धातूचा भाव आहे. इंग्रजींत त्याचे दोन अर्थ चालतात. एक, ‘कोणीं आपल्या हिश्श्यादाखल दिलेली सैन्याची तुकडी’. आणि दुसरा, ‘जें पुढें घडणाऱ्या एखाद्या गोष्टीवर अवलंबून आहे, प्रसंग पडला तर लागू होणारें’. तहाच्या कलमाचा रोख दुसऱ्या अर्थाशीं जुळणारा होता: युद्धाचा प्रसंग पडला तर फौज द्यावयाची. व्यवहारांत मात्र पहिलाच अर्थ तेवढा उरला, आणि प्रसंगाची अट गळून कायमचें ओझें डोक्यावर बसलें. पुढें खुद्द लॉर्ड डलहौसी यानेंही, शांततेच्या काळांत ही फौज पोसण्याचें बंधन तहाच्या शब्दांतून निघत नाहीं, असें आपल्या टिपणांत मान्य केलें होतें. तथापि साचलेलें कर्ज फिटेना, आणि १८५३ च्या तहानें नासिरुद्दौला निजामास वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशीव हे प्रांत या फौजेच्या खर्चापोटीं कंपनीच्या हवालीं करावे लागले. पैकीं रायचूर व धाराशीव १८६० सालीं परत मिळाले. वऱ्हाड कायमचें गेलें.

हैदराबादच्या दरबारास अर्थ कळला नव्हता असें आमचें म्हणणें नाहीं. तेथील मुत्सद्दी तहाचें कलम चांगलें जाणून होते. अर्थ ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातीं शस्त्र व हिशेबाची वही होती त्याच्याकडे गेला, एवढेंच येथें दिसतें. परंतु एका शब्दाच्या दोन अर्थांमधील अंतर केवढें असूं शकतें याचें याहून मोठें उदाहरण या प्रांताच्या इतिहासांत सांपडावयाचें नाहीं. हिंगोलीच्या बाजारांत ‘कंटिंजंट’ हा शब्द दोन पिढ्या लोकांच्या तोंडीं होता. विशेषनाम म्हणून तो सर्वांस ठाऊक होता. त्यांतली अट थोड्यांसच ठाऊक होती.

२. कानानें आलेले शब्द

छावणींत शब्द शिकण्याची शाळा नसते. तेथें कानच शाळेचें काम करतो. दक्षिणेंतील व उत्तरेंतील छावण्यांतून जे इंग्रजी शब्द आपल्या भाषांत शिरले त्यांचीं रूपें पाहिलीं म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होते. ‘रिक्रूट’ याचा रंगरूट झाला, ‘जनरल’ याचा जरनेल, ‘लॉर्ड’ याचा लाट, ‘कंपनी’ची कुंपणी आणि ‘रिपोर्ट’ याचा रपोट. पहाऱ्यावरील शिपायाचें ‘हू कम्स देअर’ हें दरडावणें ‘हुकूमदार’ या रूपानें रूढ झालें. त्यांत हुकूम व दार हे दोन्ही ओळखीचे ध्वनि ऐकूं आल्यामुळें तें जिभेवर सहज बसलें.

या शब्दांस अपभ्रष्ट म्हणून हिणविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. रंगरूट म्हणजे काय हें सांगावयास शिपायास कोश लागत नव्हता. तो अर्थ त्यानें डोळ्यांनीं पाहिला व अंगानें भोगला होता. परंतु कानानें आलेल्या शब्दास एक मर्यादा असते. जें दिसतें, हातांत धरतां येतें किंवा हुकुमानें करवितां येतें, त्याचाच शब्द अशा वाटेनें येऊं शकतो. न्याय, करार, अट, पुरावा, गृहीत, निष्कर्ष अशा कल्पनांचे इंग्रजी शब्द कवायतीच्या मैदानावर शिकतां येत नाहींत. शिवाय कानानें आलेल्या शब्दाचें कूळ मागेंच राहतें. रंगरूट आला, पण त्याच धातूपासून झालेले त्याचे भाऊबंद आले नाहींत. ज्या ज्ञानावर तह, कायदे व हिशेब उभे होते तें ज्ञान या वाटेनें हिंगोलीस पोंचणें शक्य नव्हतें.

३. हिंगोलीहून गेलेला शब्द

शब्दांची ही देवघेव एकतर्फी मात्र नव्हती. १८३० च्या आगेंमागें ठगांच्या बंदोबस्ताची जी मोहीम इंग्रजांनीं चालविली तिच्यांत हिंगोलीचें नांव ठळकपणें येतें. निजामाच्या नोकरींत असलेला फिलिप मेडोज टेलर यानें १८३९ सालीं आपली ठगाच्या जबानीची कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें हिंगोलीच्या छावणींतील हरीसिंग नांवाच्या एका प्रतिष्ठित व्यापाऱ्याची हकीकत दिली आहे. हा गृहस्थ त्या भागांतील ठगांचा म्होरक्या होता आणि आपण स्वतः त्याच्याशीं व्यवहार केला होता, असें टेलर सांगतो. मुंबईहून कापड आणण्याचा परवाना हरीसिंगानें कॅप्टन रेनॉल्ड्स या मुलकी अंमलदाराकडूनच घेतला, वाटेंत मालाच्या खऱ्या धन्यास व त्याच्या माणसांस ठार केलें, आणि तोच माल त्या परवान्यावर हिंगोलींत आणून छावणींत उघडपणें विकला.

या प्रकरणांतून इंग्रज अंमलदारांस जो धडा मिळाला तो शब्दार्थाचाच होता. विल्यम स्लीमन यानें १८३६ सालीं कलकत्त्यास ‘रामसीआना’ नांवाचा ग्रंथ छापविला. त्यांत ठगांच्या गुप्त बोलीचा कोश दिला आहे. त्या बोलींत ‘बनिज’ म्हणजे ज्यास मारावयाचें तो प्रवासी. बनिज हा शब्द व्यापाराचा, सर्वांच्या नित्य परिचयाचा. परंतु ठगांच्या टोळींत त्याचा अर्थ निराळा होता आणि तो न कळल्यास जीव जाई. ठगीविषयीं त्या काळच्या अंमलदारांनीं रंगविलेलें चित्र कितपत विश्वसनीय आहे याविषयीं अलीकडील संशोधकांनीं शंका घेतल्या आहेत, आणि त्या लक्षांत ठेवल्या पाहिजेत. तरी राज्यकर्त्यांनीं रयतेच्या एका बोलीचा शब्दकोश जमविण्यास सरकारी शक्ति लावली, ही गोष्ट निर्विवाद आहे. टेलरच्या कादंबरीनें ‘ठग’ हा शब्द इंग्लंडांतील वाचकांच्या घरोघर नेला. आज इंग्रजींत तो कोणत्याही दांडगट गुंडास लावतात. फसवणुकीचा जो मूळ भाव, तो तेथें मागें पडला आहे. म्हणजे अर्थाची झीज परभाषेंत गेलेल्या आपल्या शब्दाचीही होते.

४. कोशकारांचें कार्य

कानाच्या वाटेनें जें येऊं शकत नव्हतें तें डोळ्यांच्या वाटेनें आणण्याचें काम मराठी कोशांनीं केलें. विल्यम केरी याचा मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपुरास १८१० सालीं मोडी लिपींत छापला गेला. त्यास वैजनाथ पंडिताचें साहाय्य होतें. व्हान्स केनेडी याचा कोश १८२४ सालीं मुंबईस निघाला. परंतु या विषयांतील खरा आधारस्तंभ म्हणजे जेम्स थॉमस मोल्सवर्थ. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, परशुरामपंत गोडबोले इत्यादि पंडितांच्या मदतीनें त्यानें मराठी शब्दांचा संग्रह केला. पंडितांचा मराठी-मराठी कोश १८२९ सालीं, आणि मोल्सवर्थचा सुमारें ४०,००० शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं प्रसिद्ध झाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तींत शब्दसंख्या सुमारें ६०,००० झाली. 

प्रस्तुत विषयास अधिक जवळचा ग्रंथ म्हणजे इंग्रजी-मराठी कोश. त्याचा आरंभ मोल्सवर्थनें केला. प्रकृति बिघडल्यामुळें तो १८३६ सालीं स्वदेशीं परतल्यावर तें काम थॉमस कँडी यानें पुरें केलें आणि कोश १८४७ सालीं निघाला. त्याची कँडीनें सुधारलेली दुसरी आवृत्ति १८७३ ची. या कोशाचा विशेष असा कीं, एका इंग्रजी शब्दापुढें एकच मराठी शब्द ठेवून कोशकार थांबत नाहीं. अर्थाच्या जितक्या छटा तितके प्रतिशब्द, आणि जेथें तयार शब्द नाहीं तेथें व्यवहारांतील वाक्प्रचार, अशी त्याची रीति आहे. त्यामुळें विद्यार्थ्यास शब्दाचें एक टोंक हातीं लागतांच दुसरें टोंक आपल्या भाषेंत कोठें बांधावें हें कळतें. पुढें बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं मोल्सवर्थचा संक्षेप केला, नीळकंठ बाबाजी रानडे यांचा मोठा इंग्रजी-मराठी कोश १९१६ पर्यंत पुरा झाला, आणि बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें राज्यकारभाराच्या परिभाषेचा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ सालीं बाहेर पडला.

हें सर्व कार्य मुंबई, पुणें व बडोदें येथें झालें. हिंगोली, कळमनुरी, वसमत येथील विद्यार्थीही तीच मराठी बोलत होता. पण हे कोश ज्या शाळांच्या गरजेंतून वाढले त्या शाळा त्याच्या राज्यांत नव्हत्या.

५. पैनगंगेचे दोन तीर

येथें इतिहासाचा एक विलक्षण योग दिसतो. हिंगोलीच्या उत्तरेस पैनगंगा वाहते आणि पलीकडे वाशीम व पुसद हा वऱ्हाडचा मुलूख लागतो. दोन्हीं तीरांवर शेती एक, सोयरीक एक, देव एक आणि बोलीही बहुतेक एक. १८५३ पूर्वीं राज्यही एकच होतें. परंतु हिंगोलीसारख्या ठाण्यांतील पलटणींचा पगार भागविण्यासाठीं वऱ्हाड कंपनीकडे गेलें, आणि त्यामुळें उत्तर तीरावर मराठी शाळा व मराठी कचेऱ्या आल्या. अकोला, अमरावती येथें सरकारी हायस्कुलें निघालीं. मुंबई इलाख्यांत तयार झालेल्या कोशांचा व क्रमिक पुस्तकांचा वारसा तेथील मुलांच्या आवाक्यांत आला. ज्या छावणीचा खर्च भागवावयाचा ती दक्षिण तीरावर. तेथें मात्र हें कांहींच आलें नाहीं. हिंगोलीच्या शिपायांच्या पगारापायीं वाशीमच्या मुलास मराठींतून इंग्रजी शब्दाचा अर्थ मिळाला, आणि हिंगोलीच्या मुलास तो मिळाला नाहीं.

निजामाच्या राज्यांत १८८४ सालीं फारशीच्या जागीं उर्दू ही राज्यभाषा झाली. राज्याच्या प्रजेंत तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे सुमारें चतुर्थांश, आणि उर्दू बोलणारे साधारण दशांश होते. खालच्या इयत्तांतून मातृभाषेस थोडी जागा असे; पण वर चढावें तसतसें शिक्षण उर्दूंतून चाले. त्यावर इंग्रजी ही स्वतंत्र भाषा म्हणून शिकावी लागे.

६. दारुल तर्जुमा आणि तिहेरी ओझें

उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ सालीं झाली. त्याच्या पूर्वतयारीसाठीं १९१७ सालीं ‘दारुल तर्जुमा’ म्हणजे भाषांतरशाळा उघडण्यांत आली आणि मौलवी अब्दुल हक हे तिचे पहिले प्रमुख झाले. गणित, पदार्थविज्ञान, वैद्यक, कायदा, इतिहास इत्यादि विषयांचे ग्रंथ इंग्रजींतून उर्दूंत आणावयाचे, आणि अवघड इंग्रजी संज्ञांस उर्दू संज्ञा ठरवावयाच्या, हें तिचें कार्य होतें. याच अब्दुल हकांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू या संस्थेनें १९३७ सालीं औरंगाबादेस छापला. मराठवाड्याच्या भूमीवर निघालेला अर्वाचीन इंग्रजीचा हा थोर कोश मराठींत नव्हता, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

या उद्योगाची थोरवी नाकारणें अन्यायाचें होईल. हिंदी भाषेंतून, म्हणजे हिंदुस्थानांतील एका देशभाषेंतून, वैद्यकापर्यंतचें उच्च शिक्षण देतां येतें हें उस्मानियानें प्रत्यक्ष करून दाखविलें. त्या वेळीं मुंबईच्या व कलकत्त्याच्या विद्यापीठांस तें धाडस झालें नव्हतें. दोष भाषांतरांत नव्हता. ज्यांच्यासाठीं भाषांतर करावयाचें त्यांतील बहुसंख्यांची भाषा बाजूस राहिली, यांत होता.

उदाहरण घेऊं. भूमितींतील ‘ट्रँगल’ यास उर्दूंत ‘मुसल्लस’ म्हणतात आणि मराठींत त्रिकोण. ‘पॅरलल’ यास ‘मुतवाज़ी’ व समांतर. ‘इकॉनॉमिक्स’ यास ‘मआशियात’ व अर्थशास्त्र. ‘सायकॉलॉजी’ यास ‘नफ़्सियात’ व मानसशास्त्र. ‘बायॉलॉजी’ यास ‘हयातियात’ व जीवशास्त्र. ज्यास अरबी धातूंची ओळख आहे त्यास ‘मुसल्लस’ यांत तीन हा अंक दिसतो. वसमतच्या शेतकऱ्याच्या मुलास तो दिसत नाहीं. त्यास प्रथम मुसल्लस पाठ करावा लागे, मग ट्रँगल पाठ करावा लागे, आणि दोहोंचा अर्थ मनांत लावतांना घरच्या बोलींतील तिकोनी आकार आठवावा लागे. एका अर्थासाठीं तीन शब्दांचें हें ओझें होय.

यांतील खरी हानि याहून सूक्ष्म आहे. इंग्रजीचे जे शब्द अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत ते बहुतेक लॅटिन व ग्रीक मूळाचे आहेत, आणि त्या भाषांचें संस्कृताशीं असलेलें नातें सर विल्यम जोन्स यानें १७८६ सालींच बोलून दाखविलें होतें. ‘ट्राय’ व त्रि, ‘ऑक्टो’ व अष्ट, ‘डेसी’ व दश, ‘डेंटल’ यांतील ‘डेंट’ व दंत, ‘इग्नाइट’ यांतील ‘इग्नि’ व अग्नि, ‘मॉर्टल’ यांतील ‘मॉर्ट’ व मृत, ‘नॉमिनल’ यांतील ‘नोमेन’ व नाम, हीं सख्खीं भावंडें आहेत. मराठी मुलाच्या घरांत दंतमंजन, अष्टमी, दशमी, अग्नि, मृत्यु हे शब्द होतेच. त्यांच्या हातानें त्यास इंग्रजी शब्दाच्या घरांत सहज नेतां आलें असतें. फारशींतही नाम, हश्त, दह असे त्याच कुळांतील शब्द आहेत. परंतु शास्त्रीय परिभाषेचा ओढा अरबीकडे राहिल्यामुळें तोही दुवा निसटला. अशा रीतीनें जो शब्द ओळखीचा निघाला असता तो परका म्हणून पाठ करावा लागला.

या स्थितीची जाणीव मराठवाड्यांतील लोकांस होती. निजामी राज्यांत महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन १९३७ सालीं परतूर येथें भरलें, आणि त्या काळच्या लोकजागृतींत मातृभाषेंतून शिक्षण मिळावें ही मागणी राजकीय हक्कांच्या मागणीबरोबरीनें उभी होती. अंबाजोगाई, हिप्परगा इत्यादि ठिकाणच्या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळांनीं तिला शिक्षक व कार्यकर्ते पुरविले. भाषेचा प्रश्न त्यांच्या दृष्टीनें भावनेपुरता नव्हता. ज्ञानाचें दार कोणत्या बाजूनें उघडावयाचें हा तो प्रश्न होता.

७. निष्कर्ष

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता संपली. १९५६ सालीं मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, तेव्हां पैनगंगेचे दोन्ही तीर १०३ वर्षांनीं पुन्हां एका राज्यांत आले. १९६० सालीं तें राज्य महाराष्ट्र झालें. त्याच वर्षीं भाषा संचालनालय स्थापन होऊन मराठी परिभाषेचे कोश सरकारी खर्चानें निघूं लागले. २००० सालापासून मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी आली. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठीं हिंगोलीचा विद्यार्थी शतकभर तिष्ठत होता, त्या मराठी परिभाषा व इंग्रजी शब्द या दोन्ही त्याच्या दारीं आल्या.

परंतु साधन दारीं येणें आणि अर्थ हातीं येणें यांत अंतर आहे. स्पर्धापरीक्षांसाठीं अवघड इंग्रजी शब्दांच्या याद्या पाठ करणारा तरुण आज हिंगोलीच्या अभ्यासिकांतही दिसतो. एका रकान्यांत इंग्रजी शब्द, दुसऱ्यांत एकच प्रतिशब्द, अशी ही यादी असते. या रीतीनें शिकलेला शब्द छावणींतल्या शब्दाइतका अनुभवाचा नसतो आणि कँडीच्या कोशांतल्या शब्दाइतका सर्वांगांनीं समजलेलाही नसतो. वर दिलेल्या इतिहासावरून आम्हांस तीन गोष्टी सिद्ध झाल्यासारख्या वाटतात. शब्दाचे एकाहून अधिक अर्थ असतात, आणि त्यांपैकीं कोणता लागू हें न पाहिल्यास प्रांत जाऊं शकतो, हें कंटिंजंटनें दाखविलें. ओळखीच्या शब्दाआड अनोळखी अर्थ लपलेला असूं शकतो, हें ठगांच्या बनिजानें दाखविलें. आणि परक्या शब्दाची मुळी आपल्या भाषेच्या मातींत रोंवल्याखेरीज तो रुजत नाहीं, हें पैनगंगेच्या दोन तीरांनीं दाखविलें.

हिंगोलीच्या छावणीचें काम संपून शंभरांहून अधिक वर्षें झालीं. त्या मैदानावर ज्यांनीं परक्या भाषेंतले हुकूम पाळले त्यांस त्या शब्दांचे अर्थ विचारण्याची मुभा नव्हती. ती मुभा त्यांच्या पणतवंडांस आहे. तिचा उपयोग करावयाचा तर इंग्रजी कोशाशेजारीं मराठी कोश उघडा ठेवूनच करावा लागेल.